सगुणबाबांचं लॅटिन आणि मांद्र्याचे माड

साखळीच्या स्टँडवर पणजीच्या बसची वाट बघत उभं राहिलं, की सगुण मांद्रेकर कुठूनतरी उगवायचे आणि 'बस' या शब्दावर बोलायला लागायचे. बस हा मुळी शब्दच नव्हे म्हणे, ती नुसती शेपटी. खरा शब्द 'ओम्निबस'. आता तो इंग्रजीतही कुणी वापरत नाही, पण मूळ लॅटिन. 'ओम्निबुस' म्हणजे सगळ्यांसाठी.

"पळय टीचर," ते बोट नाचवत म्हणायचे, "इंग्रेजांनी 'सगळे' उडयले आनी फकत 'साठी' दवरलें. साठी म्हळ्यार कोणासाठी, तें सांगूंकच ना."

तेवढ्यात बस यायची. ती दारापर्यंत भरलेली असायची आणि कुणासाठीच न थांबता निघून जायची. सगुणबाबांना त्याचं दुःख नसायचं, कारण पुढची येईपर्यंत आणखी एक शब्द सांगायला वेळ मिळायचा. माझी मात्र पणजीच्या कचेरीची नाहीतर बँकेची वेळ टळलेली असायची आणि माझं डोकं तापायचं. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. मराठीच्या शिक्षकाला राग लवकर येतो, असं माझे विद्यार्थी म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

सगुणबाब माझे शेजारी. त्यांच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच, त्यामुळे त्यांचं लॅटिन मला फुकटात ऐकू यायचं. मूळचे ते पेडण्याकडच्या मांद्र्याचे. पोर्तुगीज अमदानीत वडिलांनी हौसेने त्यांना पणजीला लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकायला ठेवलं. तिथे पोर्तुगीज तर होतंच, वर दोन-तीन वर्षं लॅटिनही घोटून घेतलं. इतर मुलं परीक्षा संपली की लॅटिन विसरत. सगुणबाबांना ते लागलं ते लागलंच. पुढे डिचोलीच्या न्यायालयात कारकुनी मिळाली, लग्न झालं, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका डिसेंबरात पोर्तुगीज गेले.

गोवा मुक्त झाला याचा त्यांना आनंद झाला. पेढे वाटले म्हणे. पण पेढे वाटून ऑफिसात गेले तर कागद इंग्रजीत झालेले. ज्या भाषेच्या जोरावर खुर्चीत बसले होते, ती भाषा एका रात्रीत अडगळीत गेली. दुसरा कुणी रडत बसला असता. सगुणबाबांनी इंग्रजी शिकायला घेतलं.

आता इथेच गडबड झाली. पणजीचा एक वकील लिस्बनला निघाला होता, त्याच्या घरातलं सामान वाटेल त्या भावाने जात होतं. त्यात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात त्याचं लॅटिन मूळ दिलेलं. सगुणबाबांनी तो उघडला आणि त्यांना परक्या गावात आपले सोयरे भेटल्यासारखं झालं. अर्ध्याहून जास्त शब्द ओळखीचे! त्यांनी तो कोश बगलेत मारून आणला आणि पहिल्या पानापासून पाठ करायला घेतला. म्हणजे जे पहिलं पान शिल्लक होतं तिथपासून. त्याआधीची पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे तो कोश कधी छापला हे कळायला मार्ग नव्हता. तो शंभर वर्षांपूर्वीचा असावा. त्यातले किती शब्द मेले, किती आजारी आहेत, किती धडधाकट आहेत, हे सगुणबाबांना कोण सांगणार? त्यांनी सगळ्यांना सारखाच मान दिला.

त्यामुळे त्यांचं इंग्रजी ऐकलं की वाटायचं, एखादा लाटसाहेब समाधीतून उठून आला आहे. जेवण झाल्यावर दारात फेऱ्या मारायला ते शतपावली म्हणत नसत, 'पोस्टप्रँडियल पेरँब्युलेशन' म्हणत. 'प्रांदिउम' म्हणजे दुपारचं जेवण, 'आंबुलारे' म्हणजे चालणं. वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात टाईप करावं लागलं, की त्याला 'ल्युक्युब्रेशन'. दिव्याखाली बसून केलेल्या कामाला एक अख्खा वेगळा शब्द आहे याचं त्यांना इतकं अप्रूप, की वीज गेल्यावर सगळी साखळी वीजखात्याला शिव्या देत असताना हे गृहस्थ खूश. खाणीवरच्या एका कारकुनाला त्यांनी रजेचा अर्ज लिहून दिला, त्यात 'मी व्हॅलेट्युडिनेरियन आहे' असं ठोकून दिलं. म्हणजे नेहमी आजारी असणारा माणूस. साहेबाला वाटलं, हा कुठला तरी धर्म असणार. उगाच कुणाच्या भावना दुखवायला नकोत म्हणून त्याने रजा मुकाट्याने मंजूर केली.

मला ते 'क्वेरुलस' म्हणायचे. सदा कुरकुरणारी. लॅटिन मूळही सांगायचे वर.

चरितार्थ मात्र यावरच चालायचा. गोव्यात जमिनींचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आणि कोर्टाला हवेत इंग्रजीत, त्यामुळे त्यांच्या सोप्यावर सकाळपासून माणसं. हळर्णहून, मोप्यावरून, केरीहून यायची. वकील त्यांच्या इंग्रजीला हसत, पण कागद त्यांच्याकडेच पाठवत. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'मोयटी'. अर्धा हिस्सा. आमच्या गोव्याच्या कायद्यात लग्न झालं की नवऱ्याचं सगळं अर्धं बायकोचं आणि बायकोचं अर्धं नवऱ्याचं, बापाकडून आलेलंसुद्धा. बायकोची सही नसेल तर नवऱ्याला घराचं एक कौलही विकता येत नाही. हे येणाऱ्या प्रत्येकाला सगुणबाब रंगवून सांगत. 'मेदिएतास', म्हणजे मधोमध. नारळ फोडल्यावर दोन वाट्या होतात, तसं. एखादा म्हातारा शेतकरी "म्हजी बायल ती कित्याक सय करतली?" म्हणून हटून बसला, की सगुणबाब टेबलावर हात आपटत, "मोयटी! अर्दें तिचें! तुजें न्हय!"

आत स्वयंपाकघरात सुमंगलावयनी हे सगळं ऐकत असे. सुमंगलावयनी म्हणजे त्यांची बायको. शाळा चौथीपर्यंत, बोलणं त्याहून कमी. मी भिंतीपलीकडून कधी मीठ मागायला जावं, तर ती मिठाबरोबर दोन आमसुलं आणि एक नारळ हातात ठेवायची. नारळ मांद्र्याचा. मांद्र्याला समुद्राच्या अंगाला सगुणबाबांचं एक भाट होतं, माडांचं. दर पाड्याला, म्हणजे नारळ उतरवायच्या दिवशी, वयनी पहाटे उठून एकटी मांद्र्याला जायची. सगुणबाब कधी गेल्याचं मला आठवत नाही. त्यांना वाळूत चाललं की धाप लागायची.

आता मुद्द्यावर येते. सगुणबाब एक पुस्तक लिहीत होते. इंग्रजीतले जुने शब्द, त्यांचे अर्थ, त्यांची लॅटिन कुळकथा. लिहायला कागद म्हणून लग्नपत्रिकांच्या पाठी. आमच्या भागात लग्नं पुष्कळ, त्यामुळे कागदाला तोटा नव्हता. एकेका पाठीवर एकेक शब्द, आणि पत्रिका बिस्किटांच्या डब्यांत. डबे माळ्यावर, पलंगाखाली, देवघरातसुद्धा. पंचवीस वर्षं हे चाललं होतं. पंचावन्न-छप्पन्नाचे झाले तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं, की आता हे छापलं पाहिजे. डोळे आहेत तोवर.

पण वेळ कुठली निवडली? शहाऐंशी साल. सबंध गोवा कोंकणी की मराठी यावरून पेटलेला. रस्त्यात झाडं तोडून आडवी टाकलेली, बसेस बंद, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनात. मी अर्थात मराठीच्या बाजूला होते आणि गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. मी सगुणबाबांना म्हटलं, पुस्तक मराठीत काढा. दुसऱ्या दिवशी कोंकणीवाले येऊन सांगून गेले, कोंकणीत काढा. सगुणबाबांनी दोघांनाही एकाच शब्दाची आणि एकाच ओढ्याची गोष्ट ऐकवली.

"'रायव्हल' उतर आसा न्हय, तें 'रिवुस'वयल्यान आयलां. रिवुस म्हळ्यार व्हाळ. एकाच व्हाळाचें उदक शेताक घेतात, ते रायव्हल. व्हाळ एकच आसा, पूण हें कोण आयकतलो?"

दोन्ही बाजूंना राग आला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. छापखानेवाल्यांनीही हात वर केले. या धामधुमीत लॅटिनचं पुस्तक कोण घेणार? छापायचं तर सगळा खर्च तुम्ही करा, असं त्यांनी साफ सांगितलं.

आणि नेमका त्याच वेळी जयराम आला. हा मांद्र्याचाच. खाणीवर मातीचे ट्रक चालवून वर आलेला आणि आता गोऱ्या टुरिस्टांसाठी समुद्राकाठी गेस्टहाऊस बांधायच्या विचारात. त्याला सगुणबाबांचं भाट हवं होतं. माणूस वाईट नव्हता, घासाघीसही केली नाही. त्याने सांगितलेल्या भावात पुस्तक छापून होत होतं, वर घराला नवी कौलं बसत होती. सगुणबाबांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

मला ही बातमी त्यांनीच माझ्या दारात येऊन दिली, तेव्हा राज्य होणार की नाही याचीच चर्चा सगळीकडे चालू होती. ते म्हणाले, गोव्याला राज्य मिळेल तेव्हा माझ्या हातात पुस्तक असेल. डोळे लहान मुलासारखे लकाकत होते. मला आधी आनंदच झाला. मग मी सहज विचारलं, वयनी काय म्हणाली?

"ती कितें म्हणटली?" ते म्हणाले. "सय करतली."

मी पाठीमागच्या दाराने वयनीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. तिला काही माहीत आहे का, म्हणून मी चाचपून विचारलं. तिला सगळं माहीत होतं. सोप्यावर झालेलं बोलणं तिने ऐकलं होतं.

"मग तुला चालेल?" मी विचारलं.

"माका कोणें विचारलां?" ती म्हणाली आणि सुपातला खडा काढून अंगणात भिरकावला.

विक्रीचा मसुदा सगुणबाबांनी स्वतःच लिहायला घेतला. वकिलाला पैसे कशाला द्यायचे, आणि वकिलाचं इंग्रजी ते कसलं! आजवर लोकांच्या जमिनीचे कागद केले, हा स्वतःचा. त्यांनी त्यात जीव ओतला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती, त्यामुळे एका रविवारी चहाच्या वेळी मला बोलावणं आलं. सोप्यावर कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून मला बसवलं, वयनीला आतून बोलावलं. ती ओले हात पुसत दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

सगुणबाबांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. वाचणं कसलं, कीर्तनच. प्रत्येक ओळीला थांबून मूळ सांगायचं. 'कंटिग्युअस', भाटाला लागून असलेली जमीन. 'कोन-तांगेरे', एकमेकांना हात लावणं. 'लिटोरल', समुद्रकाठचं. 'लितुस', किनारा. 'आर्बोरियस', झाडांचं. मला कंटाळा यायला लागला होता, पण वयनी कान देऊन ऐकत होती. लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली, तिने त्यांचं इतकं लक्ष देऊन काही ऐकल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

"आतां विकपी," सगुणबाब म्हणाले. विकणाऱ्याचं नाव. "सगुण विठोबा मांद्रेकर, एत उक्सोर."

"तें निमाणें कितें?" वयनीने विचारलं.

सगुणबाब खूश झाले. बायकोने शब्दाचा अर्थ विचारला! "एत उक्सोर. विलायतेंतल्या पोरण्या कागदांनी अशेंच बरयतात. 'एत' म्हळ्यार आनी. 'उक्सोर' म्हळ्यार बायल. आनी बायल."

"म्हळ्यार हांव?"

"तूंच मगो. आनी कोण?"

"मागीर माजें नांव खंय?"

सगुणबाबांनी चष्मा काढला. त्यांना प्रश्नच समजला नाही. "नांव कित्याक जाय? उक्सोर म्हटलें म्हणटकच आयलें. तुजें नांव हांव घरांत घेना, तें कागदार कित्याक घेतलों?"

हे खरं होतं. आमच्याकडे त्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. 'आगो' म्हणायचं, किंवा नुसतं खाकरायचं. मी त्यांच्या भिंतीला लागून इतकी वर्षं राहिले, सुमंगला हे नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

वयनीने हात पदराला पुसले. ते कोरडेच होते. "बरें," ती म्हणाली, "जी कोण एत उक्सोर आसा, तिचेकडल्यान सय घेयात." आणि आत निघून गेली. आतून खोबरं किसायचा आवाज यायला लागला.

मला हसू फुटलं. फुटायला नको होतं, पण फुटलं. सगुणबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा तसाच टाकून घरी आले.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडे नुसती शांतता. लॅटिन बंद, टाईपरायटर बंद. सगुणबाब स्टँडवरही दिसेनात. एकदा मला रस्त्यात गाठून म्हणाले, टीचर, तुम्ही तिला समजवा. तिचा गैरसमज झाला आहे. मसुद्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला म्हणून कुणी व्यवहार मोडतं का? मी म्हटलं, सगुणबाब, आख्ख्या साखळीला मोयटी शिकवलीत, टेबलं आपटलीत. ती सगळी टेबलं आत ऐकू जात होती. ते घरी गेले आणि थोड्या वेळाने टाईपरायटर वाजायला लागला.

सगळा मसुदा त्यांनी पुन्हा टाईप केला. संध्याकाळी मला हाक मारली, साक्षीदार म्हणून नव्हे, एकटं जायला धीर होत नव्हता म्हणून. त्यांनी कागद वयनीपुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती इंग्रजी वाचत नव्हती, पण आपलं नाव कुठल्याही लिपीत ओळखता यावं इतकं त्यांनी मोठ्या अक्षरांत टाईप केलं होतं. सुमंगला सगुण मांद्रेकर, मोयटीची मालकीण.

"आतां सय कर," ते म्हणाले.

वयनीने ती ओळ बोटाने चाचपली. टाईपची अक्षरं कागदाच्या पाठीमागे उमटतात, तीही उलटून बघितली. मग म्हणाली, "आतां माजें नांव आयलां. आतां माका विचारात."

"कितें विचारूं?"

"विकचें काय ना, तें."

सगुणबाब माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. शेवटी ते खाकरले, पण या वेळी नुसतं खाकरून भागणार नव्हतं. "विकूंया?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ना," वयनी म्हणाली.

मी त्या घरात तिचं एवढं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. ती उभ्या-उभ्याच बोलत राहिली. लग्न होऊन ती मांद्र्याला आली तेव्हा भाटात नुसती वाळू आणि करवंदीच्या जाळ्या होत्या. सगुणबाब डिचोलीला नोकरीला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. सासूने तिला नारळाची रोपं दिली आणि म्हणाली, लाव. तिने ती लावली. उन्हाळ्यात बांयवरून, म्हणजे विहिरीवरून, डोक्यावर घागरी आणून एकेका रोपाला पाणी घातलं. खाऱ्या वाऱ्याने रोपं करपायची, पुन्हा लावायची. पहिलं मूल पोटातच गेलं तो उन्हाळाही तोच. घरात कुणी तिच्याशी फारसं बोलत नव्हतं, म्हणून ती माडांशी बोलायची.

"एकेका माडाक नांव आसा," ती म्हणाली. "बांयकडलो, वांकडो, शेजारच्या चंद्रावतीन दिल्लो, दर्याकडेन तोंड केल्लो. तुमी केन्नाच विचारूंक ना, म्हूण हांवें सांगूंक ना. तुमचें पुस्तक छापात. माका आड ना. पूण माजे माड विकून न्हय."

पहिल्या मुलाचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. सगुणबाबांना अर्थात माहीत होतं, पण त्यांनी मान अशी खाली घातली की मला कळलं, तो उन्हाळा त्यांनी लॅटिनखाली कुठेतरी पुरून टाकला होता. मला त्यांचाही राग आला आणि त्यांची दयाही आली, कारण पलंगाखालचे ते बिस्किटांचे डबे मला तिथून दिसत होते. तेही एका माणसाने पंचवीस वर्षं पाणी घालून वाढवलेलं काही होतंच की.

सगुणबाबांनी मसुदा हातात घेतला. फाडला नाही, त्याची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "जयरामाक सांगूंक जाय," एवढंच म्हणाले.

जयरामला निरोप धाडला असता तरी चाललं असतं. पण सगुणबाब म्हणाले, शब्द मी तोंडाने दिला होता, परत घ्यायलाही तोंडच न्यावं लागेल. पाडा होता म्हणून वयनी जाणारच होती. मला त्यांनी ओढलं. गोवा राज्य झाल्याचे झेंडे अजून दुकानांवर फडकत होते, पावसाळा तोंडावर आला होता, आणि आम्ही तिघं म्हापसामार्गे शिवोलीला फेरीबोटीने नदी ओलांडून मांद्र्याला पोचलो. सगळ्या वाटेत सगुणबाबांनी एकही शब्द सोडवून सांगितला नाही. मलाच चुकल्यासारखं वाटत होतं.

भाटात पाडेली आधीच माडावर चढला होता. वयनी खाली उभी राहून त्याला ओरडून सांगत होती, वांकड्याचे कोवळे नारळ काढू नकोस. सगुणबाब वाळूत पाय ओढत, धापा टाकत आले आणि एका माडाला हात टेकून उभे राहिले. जयराम आपल्या दोन माणसांना घेऊन आला, मोजणीवाला बरोबर. टेप, खुंट्या, सगळं आणलं होतं. भाट मोजायचंच म्हणून आला होता बिचारा.

सगुणबाबांनी त्याला सांगितलं, की हा व्यवहार होणार नाही.

जयरामला आधी वाटलं, भाव वाढवून हवा असेल. त्याने वाढवला. सगुणबाबांनी मान हलवली. मग त्याने विचारलं, पुस्तकाचं काय? सगळ्या साखळीला सांगत सुटला होतात ते?

"पुस्तक रावतलें," सगुणबाब म्हणाले. छापून होण्याची आशा त्यांनी तिथेच सोडली. ते पुस्तक पुढेही कधी छापलं गेलं नाही, हे आताच सांगून टाकते.

जयरामचा पारा चढला. चढणारच. त्याने हातातली खुंटी वाळूत आपटली आणि आपल्या माणसांकडे बघून हसला. "सगुणबाब, तुमी लिसेवांत शिकल्ले मनीस. उतर दिल्लें तुमी म्हाका. आतां बायलेन ना म्हटलें म्हूण फाटीं सरतात?"

ती दोन माणसं हसली. मोजणीवाला टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. माडावरून नारळ टाकणंही थांबलं, पाडेलीसुद्धा वरून ऐकत होता.

सगुणबाबांनी माडावरचा हात काढला आणि सरळ उभे राहिले.

"बायलेन न्हय," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "सुमंगलान. सुमंगलान ना म्हटलां."

वयनीची पाठ आमच्याकडे होती. तिने वळून पाहिलं नाही. पण तिच्या हातातली छत्री गळून वाळूत पडली, आणि ती उचलायचं तिला सुचेना. शेवटी मीच उचलली.